न मोजलेल्या धावा

पऱ्या, तुझ्या काकांना अजून वाटतं
तू कुठल्यातरी रणजी संघात आहेस.
दांडिया बाजारात गाठतात मला,
"काय म्हणतो आमचा पराशर? किती धावा झाल्या?"
खूप झाल्या काका, म्हणतो मी.
खोटं नाही ते.

तेराव्या वर्षापासून मी उजवीकडून बॉल टाकायचो
आणि तू पहिल्या खांबाकडे सुटायचास,
मान वळवून, तोंड उघडं,
चालत्या बसच्या खिडकीत ओळखीचा चेहरा दिसल्यासारखा.
दहातले नऊ बॉल माझे वाया.
एक तुझ्या डोक्यावरून, एक कीपरच्या पोटात,
एक तर पोलो ग्राउंडच्या कुंपणापार
पाणीपुरीवाल्याच्या पातेल्यात.
तू एकदाही हात पसरून ओरडला नाहीस माझ्यावर.
मोजे वर ओढत परत यायचास
आणि पुन्हा सुटायचास.

बलसारासर म्हणायचे,
डिकरा, स्ट्रायकर म्हणजे वसुलीवाला.
दार उघडो न उघडो,
रोज तोच जिना चढायचा.

मग जिल्हा लीग.
मग अहमदाबादची कंपनी टीम,
करार अकरा महिन्यांचा, बारावा महिना घरी,
आईच्या "आता पुढे काय" समोर.
मग तिसरी डिव्हिजन, पंजाबातलं एक गाव,
जिथं कॉर्नर घ्यायला मोहरीच्या शेतात उभं राहावं लागे.
पगार तीन हप्त्यांत,
त्यातला तिसरा अजून यायचाय.

रात्री अकराला फोन.
मागे कुणीतरी कुकर लावलेला.
"आज दोन टाकले," म्हणायचास.
किंवा नुसतंच, "इथे वरणात गोडा मसाला नसतो रे."
तेव्हा मी ओळखायचो,
बेंचवर बसवलं.

मी तोवर मकरपुऱ्यात.
व्हर्नियर लावतो, बेअरिंगच्या रिंगा मोजतो,
शंभरांश मिलिमीटर चुकला की माल परत.
माझ्या पायातून असलं काही अचूक कधी निघालं नाही.
गुडघा थंडीत बोलतो.
बोलू दे.

दुसऱ्या डिव्हिजनमध्ये तुझी पहिली मॅच
मी सेकंड शिफ्टला पाहिली,
मोबाईल टिफिनच्या डब्याला टेकवून.
चौसष्टाव्या मिनिटाला तुला उतरवलं.
पाठीवर सत्तावीस नंबर, शर्ट एक साइज मोठा.
आणि मी मोजायला लागलो, सवयच आता.
पहिल्या खांबाकडे एक. बॉल आला नाही.
मधल्या फळीच्या मागून दोन. आला नाही.
सात, आठ, अकरा.
कॉमेंटेटर तुला मोहंती म्हणत होता.
अठराव्यांदा तू सुटलास
तेव्हा कॅमेरासुद्धा दुसरीकडे होता,
स्क्रीनच्या कोपऱ्यात फक्त एक सावली पळाली
ती तुझी हे मी शपथेवर सांगतो.

मग नेट गोठलं.
गोल गोल फिरत राहिलं ते वर्तुळ.
परत आलं तेव्हा तू दिसत नव्हतास,
एका ढिगाखाली होतास,
वर पाच-सहा पोरं
आणि पाटीवर १–०.
पऱ्या, मी अठरा पाहिल्या.
एकोणिसावी नाही पाहिली.
सुपरवायझर धावत आला, त्याला वाटलं
माझा हात मशीनमध्ये गेला.

परवा आलास दोन दिवसांसाठी.
केस गेलेत पुढचे.
सेव-उसळ खाल्लीस, तरी तीनदा मागितलीस,
नवा करार दहा महिन्यांचा म्हणालास,
एक महिना कमी, पैसे दीडपट,
आणि हिशेब नीट बसतोय का ते मला विचारलंस
जणू मी तिथला बँक मॅनेजर.

सकाळी सहाला पोलो ग्राउंड.
मी थेट नाइटवरून, पायात सेफ्टी शूज.
"टाक," म्हणालास.
लोखंडी चवड्यावरून बॉल निघाला तो भलतीकडे,
दुसऱ्या खांबाच्याही पलीकडे, गवतात, दवात.
तू पहिल्या खांबापाशी पोचला होतास केव्हाच.

मोजे ओढत परत आलास.
गाडीला तास राहिला होता.
"अजून एक," म्हणालास.